पट्टा, पदक आणि पत

जून महिन्यात शाळा उघडल्या की रत्नागिरीत पावसाबरोबर नव्या शिकवण्यांच्या पाट्याही दिसू लागतात. कराटे, तायक्वांदो, ज्युदो, स्वसंरक्षण यांचे वर्गही त्यांत असतात. पाटीवरचा मजकूर बहुधा ठरलेला असतो: ब्लॅक बेल्ट प्रशिक्षक, पदकांची संधी, शिस्त, आत्मविश्वास आणि खाली ठळक अक्षरांत फीमध्ये सवलत. साऱ्या पाट्या एकच गोष्ट सांगू लागल्या, म्हणजे पालकांजवळ विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो: फी किती?

होतकरू प्रशिक्षकाची खरी कसोटी इथेच लागते. समोरच्या वर्गाने शंभर रुपये कमी केले की त्याला दोनशे कमी करावेसे वाटतात. घटलेली मिळकत भरून काढण्यासाठी मग एका तासात दुप्पट मुले घेतली जातात. पट्ट्यांच्या परीक्षा लवकर लवकर होऊ लागतात आणि प्रत्येक परीक्षेचे शुल्क निराळे आकारले जाते. दोन वर्षांत मुलाच्या कमरेला गडद रंगाचा पट्टा येतो. पण धक्का बसला तर डोके सांभाळून कसे पडावे, हे त्याला ठाऊक नसते. भाव उतरविताना मापही उतरविले गेले, एवढाच याचा अर्थ. पेढीवर बसणाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

ज्या व्यायामसंस्थांची नावे काळाच्या ओघात टिकली, त्यांनी वेगळेपण कसे मिळविले, हे पाहण्याजोगे आहे. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी ज्या कार्याचा आरंभ केला, ते आज श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने ओळखले जाते. आखाडे तेव्हाही गावोगावी होते. मंडळाने मल्ल घडविण्यावर समाधान न मानता शिकविणारे घडविण्याचे काम हाती घेतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षणवर्ग चालविले आणि तेथे तयार झालेले व्यायामशिक्षक ठिकठिकाणी गेले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. ही कीर्ती मागाहून आली. आधी बावीस वर्षांचे काम होते.

बडोद्यात प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या गुरूंचे, जुम्मादादांचे, नाव आखाड्याला दिले आणि दुसराच मार्ग धरला. शेकडो मुलांनी एकाच वेळी करावयाच्या सांघिक व्यायामाची पद्धत त्यांनी बसविली व त्यासाठी इंग्रजी आज्ञांऐवजी भारतीय भाषेतील आज्ञा योजल्या. निखळलेले सांधे व मोडलेली हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. जिथे शरीर कसते तिथेच ते दुरुस्तही होते, हा विश्वास लोकांत रुजला. पुढे लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांचेच शिष्य.

देशाबाहेरचे उदाहरण जपानचे आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, बारा चटया मावतील एवढ्या जागेत, मूठभर शिष्यांसह ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूमधील घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि सुरक्षित पडण्याच्या शिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले. त्यामुळे विद्यार्थी जायबंदी न होता पूर्ण ताकदीने रोज झुंजू शकले व सरावात पुढे गेले. घातक ते काढून टाकल्याने ती विद्या दुबळी झाली नाही, उलट जगभर पोहोचली.

या तिघांतले साम्य उघड आहे. प्रत्येकाने लोकांची एक खरी गरज ओळखली आणि तिला धरून राहिले. रत्नागिरीतील प्रशिक्षकाला अशी गरज शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. येथे पाऊस चार महिने मुक्काम करतो. मैदानावरचे वर्ग त्या काळात रोडावतात आणि मुलांची सवय तुटते. भक्कम छत, कोरडी चटई आणि ठरलेली वेळ पावसाळाभर देणारा वर्ग तेवढ्यानेच उठून दिसेल. संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना पदकापेक्षा निश्चिंती हवी असते. तिथे स्त्री प्रशिक्षक असणे, पालकांना कोणत्याही दिवशी येऊन बसण्याची मुभा असणे आणि मुलामुलींच्या अंगाला हात लावून शिकविताना पाळावयाचे नियम भिंतीवर लिहिलेले असणे, या गोष्टी जाहिरातीपेक्षा अधिक बोलतात. घसरड्या अंगणात पडण्याची भीती बाळगणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तोल सांभाळण्याचा सकाळचा वर्ग हीदेखील अशीच एक गरज आहे.

दुसरे बळ स्पष्टपणाचे. तायक्वांदो २००० पासून ऑलिंपिकमध्ये अधिकृत पदकांचा खेळ आहे. कराटे मात्र २०२१ मध्ये भरलेल्या टोकियोच्या स्पर्धेपुरताच आला आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत नव्हता. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण शासनमान्य स्पर्धांतील कामगिरीलाच मिळतात. प्रत्येक प्रमाणपत्राला ते मिळत नाहीत. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगणाऱ्या प्रशिक्षकाकडील एखादा प्रवेश कदाचित जाईल, पण त्याच्या पुढच्या शब्दावर गाव विश्वास ठेवील. कोणत्या पट्ट्यासाठी काय यावे लागते, किमान किती महिने लागतात आणि एकूण खर्च किती, याचा तक्ता त्याने लावावा. तयारी नसलेल्या मुलाला परीक्षेला न बसविण्याचे धैर्यही त्याच्यापाशी हवे. त्या दिवशीचे शुल्क बुडते, पट्ट्याचे मोल मात्र राहते.

जैन घरांत याबाबत आणखी एक प्रश्न विचारला जातो: अहिंसेचे संस्कार घेतलेल्या मुलाने ठोसे का शिकावेत? श्रावकाचाराच्या विवेचनात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थालाही त्याज्य आहे. स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा निराळी मानली आहे. हा भेद ज्या वर्गात रोज आचरणातून शिकविला जातो, जिथे आधी टाळणे, मग निसटणे आणि अखेरीस प्रतिकार असा क्रम असतो, त्या वर्गातला मुलगा शाळेत भांडण उकरून काढत नाही. ही गोष्ट शिक्षकांच्या नजरेत भरते आणि तीच पालकांपर्यंत जाते.

शेजारच्या वर्गाची फी पाहून आपली फी ठरविणाऱ्याला शेजारीच चालवीत असतो. प्रशिक्षकाने त्याऐवजी वर्षाअखेरीस आपली हजेरीवही उघडून बसावे. किती मुले सोडून गेली, का गेली, आणि किती जणांनी आपल्या धाकट्या भावंडांना आणले, हे त्या वहीत लिहिलेले असते. पेढीची पत खातेवहीत दिसते. आखाड्याची पत हजेरीवहीत.