इंग्रजीची वही कोणाची?

शाळेंतील सर्व विषयांमध्यें इंग्रजीविषयीं विद्यार्थ्यांच्या मनांत जितकी भीति व पालकांच्या मनांत जितकी आशा असते, तितकी दुसऱ्या कोणत्याही विषयाबद्दल क्वचितच आढळेल. ‘वाघिणीचें दूध’ म्हणून ज्या भाषेची ख्याति आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचें दूध मुलाच्या अंगीं लागलें कीं नाहीं हें पाहण्यापेक्षां पेला रिकामा झाला एवढेंच पाहण्याची संवय आपणां सर्वांस जडली आहे. ह्या संवयीचा विचार आज आम्ही करूं इच्छितों.

महाराष्ट्रांत सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. म्हणजे मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावी संपवितो तेव्हां तो दहा वर्षें ही भाषा शिकलेला असतो. एवढ्या काळानंतर त्यानें आपल्या गांवाविषयीं पांच वाक्यें स्वतः जुळवून लिहावींत, ही अपेक्षा कांहीं फार मोठी नव्हे. परंतु वह्या उघडून पाहाव्या तों बहुधा दोनच प्रकार दिसतात. एका वहींत निर्दोष निबंध असतो. पण तो गाइडांतून, शिकवणीच्या टिपणांतून किंवा हल्लीं मोबाईलवरील यंत्राकडून आलेला असतो. दुसरी वही कोरीच असते. कारण चुकेल ह्या भयानें लेखणी उचललीच गेलेली नसते. आपल्या शब्दांत लिहिलेली, चुकलेली, तांबड्या शाईनें दुरुस्त झालेली व पुन्हां लिहिलेली वही फार विरळा. आमच्या मतें इंग्रजीच्या वर्गाची खरी संपत्ति तीच होय.

कां, तें सांगतों. इंग्रजी लिहितांना मराठी मुलाच्या ज्या चुका होतात, त्या बुद्धिमांद्याच्या नसतात. दोन भाषांच्या ठेवणींत जें अंतर आहे त्यामुळें पुष्कळशा होतात. आपल्या वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ येतें. आपल्याकडे ‘ए’ व ‘द’ ह्यांसारखीं उपपदें नाहींत; म्हणून तीं कोठें घालावींत हें मुलास सुचत नाहीं. आपल्याला भूक लागते, ताप येतो, राग येतो. वाक्यांत कर्त्याची जागा भूक घेते. इंग्रज मनुष्य मात्र ‘आय ॲम हंग्री’ म्हणून ती जागा स्वतःच घेतो. उलट, ऐकणारास वगळून ‘आम्ही’ व ऐकणारास धरून ‘आपण’ असा जो सुंदर भेद मराठींत आहे, तो इंग्रजीच्या एकट्या ‘वुई’मध्यें मावत नाहीं. जो मुलगा किंवा मुलगी स्वतः वाक्य जुळविते, तिला हे भेद ठेंच लागून कळतात, आणि ठेंच कोठें लागली हें शिक्षकासही दिसतें. उतरून काढलेला निबंध शिक्षकाला कांहींच सांगत नाहीं, व लिहिणाराला त्याहूनही कमी शिकवितो.

इंग्रजी विद्येचीं चांगलीं फळें ज्यांनीं महाराष्ट्रास दिलीं, त्यांची रीति उतरून काढण्याची नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढिलें, तें एकाच पानावर इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ शेजारीं शेजारीं ठेवून. आगरकरांनीं शेक्सपियरचें ‘हॅम्लेट’ १८८३ सालीं ‘विकारविलसित’ म्हणून मराठींत आणिलें. केशवसुतांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत रुजविलें. दोन्ही भाषा समोरासमोर ठेवून एकीचें दुसरींत आणितांना त्यांना प्रत्येक शब्द तोलावा लागला. आमच्या वर्गांतही आठवड्यास एक लहानसा मराठी परिच्छेद इंग्रजींत आणण्याचें काम असावें, असें आम्हांस वाटतें.

ह्यांत न्यायाचाही प्रश्न आहे. एका मुलाच्या घरीं इंग्रजी जाणणारे आईवडील व शिकवणी आहे. दुसऱ्याचे आईवडील दिवसभर शेतांत किंवा कामावर असतात, आणि घरांत इंग्रजीचें दुसरें पुस्तक नाहीं. दोघांस एकच निबंध घरून लिहून आणावयास सांगितला, तर गुण मुलास मिळत नाहींत, घरास मिळतात. म्हणून निबंध वर्गांतच लिहविला जावा, आणि जें कोणाच्याही मदतीवांचून होईल तेवढेंच घरीं द्यावें: पाठांतील दहा ओळी मोठ्यानें वाचणें, नवे पांच शब्द टिपणें व त्यांपैकीं तीन शब्द घालून स्वतःचीं तीन वाक्यें लिहिणें. साठ मुलांच्या वर्गांत सर्व वह्या रोज तपासणें अशक्य आहे खरें. पण रोज दहा वह्या घेतल्या तरी सहा दिवसांत सर्वांची पाळी येते.

कोणी म्हणतील कीं, शेवटीं सर्व कांहीं गुणांवरच आहे. गुणांचें महत्त्व आम्हीही जाणतों. परंतु २०१९ सालचा अनुभव आठवावा. त्या वर्षीं राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेंत भाषाविषयांचे शाळेकडील २० गुण काढून टाकण्यांत आले होते. आदल्या वर्षीं ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सारा बोल एकाच कारणास लावणें योग्य नव्हे. ते २० गुण लागलीच पुढील वर्षापासून परत देण्यांत आले, तें ठीकच झालें. पण उसन्या गुणांवर उभें राहिलेलें इंग्रजी आधार काढतांच डळमळतें, हा बोध विसरण्यासारखा नाहीं. परीक्षेंत न वाचलेला उतारा पुढें येतो, पुढें नोकरीच्या मुलाखतींत अनपेक्षित प्रश्न येतो. तेथें पाठ केलेला निबंध कामास येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचें सांगणें एवढेंच कीं, चुकलेल्या वाक्याची लाज धरूं नका. दुसऱ्याच्या वाक्याखालीं आपलें नांव घालण्याची धरा. आणि पालकांस विनंति अशी कीं, मूल घरीं आल्यावर ‘किती गुण मिळाले?’ ह्या प्रश्नाच्या आधीं ‘आज कोणतें वाक्य स्वतः जुळविलेंस?’ असें विचारावें. हा प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावें लागत नाहीं. मूल तें वाक्य वाचून दाखवील, त्याचा अर्थ मराठींत सांगेल, आणि मुलाची वही मुलाचीच आहे कीं नाहीं, हें त्या घरांत सर्वांस कळेल.