‘नकळत’ या शब्दाला आमचा आक्षेप आहे

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात सामाजिक कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. आम्ही मंगळवेढ्याहून एसटीने गेलो होतो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रशिक्षकांनी सगळ्यांना मोबाईल बाहेर काढायला लावले आणि मनातला ‘सुप्त पूर्वग्रह’ मोजणारी चाचणी दिली. दहा मिनिटांत निकाल हातात. शेजारी बसलेले एक सर मोबाईल पुढे करून हसत म्हणाले, "बघा, आमच्यातपण थोडा बायस निघाला!" शुगर जरा बॉर्डरवर आली की माणूस जसा सांगतो, तसे. मग चहा आला आणि विषय संपला.

हेच सर आदल्या सकाळी आम्हाला काय विचारत होते ते सांगतो. आधी नाव विचारले. मग आडनाव. आता आमचे आडनाव असे, की ते मराठ्यांतही सापडते आणि आपल्यातही. त्यामुळे सरांचे समाधान झाले नाही. "मूळ गाव कुठलं?" सांगितले. "गावात कुठल्या बाजूला राहता?" तेही सांगितले. "अच्छा, अच्छा." त्यानंतर दोन दिवस त्यांनी आम्हाला आरक्षण सोडून दुसऱ्या कुठल्याही विषयावर मत विचारले नाही.

मित्रांनो, नकळत वागणारा माणूस उपप्रश्न विचारत नाही. गायकवाड, जाधव, पवार, शिंदे म्हटल्यावर जो "कुठले गायकवाड?" असे विचारतो, त्याला काय शोधायचे आहे हे पक्के ठाऊक असते.

तरीही या चाचणीला थोतांड म्हणून झटकून टाकणे हा आळस होईल. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ या अमेरिकेतल्या संशोधकांनी ती मांडली. सिकंदराबादेत जन्मलेल्या, पुढे हार्वर्डला प्राध्यापक झालेल्या महजरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी ग्रीनवाल्ड यांच्यासोबत ती इंटरनेटवर लोकांसाठी खुली केली. युक्ती साधी आहे. पडद्यावर कधी चेहरा येतो, कधी शब्द. गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला तर डावे बटण, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला तर उजवे, आणि तेही जमेल तितक्या झटपट. मग जोड्या बदलतात. आता काळा चेहरा आणि चांगला शब्द एकाच बटणावर. दुसऱ्या फेरीत बोट अडखळते का, किती अडखळते, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजले जाते. ज्या दोन गोष्टी डोक्यात आधीच एकत्र बांधलेल्या असतात, त्यांना बोट पटकन एकत्र करते. तोंड खोटे बोलू शकते, बोटाला तेवढा वेळ मिळत नाही.

सोलापूरहून परत आल्यावर आम्ही विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात हाच प्रकार कागदावर केला. पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या कापल्या. काहींवर कुलकर्णी, देशपांडे, काहींवर कांबळे, वाघमारे. काहींवर कलेक्टर, मालक, डॉक्टर, काहींवर हमाल, सालगडी, झाडूवाला. पहिल्या फेरीत कुलकर्णी आणि कलेक्टर एका गठ्ठ्यात, कांबळे आणि हमाल दुसऱ्यात. दुसऱ्या फेरीत उलट. मोबाईलवर वेळ लावली. शास्त्र म्हणून याला फार किंमत नाही, कारण जी फेरी आधी करतो तिची हाताला सवय होते. पण खोलीत सगळी आपलीच पोरे होती, आणि दुसऱ्या फेरीत बहुतेकांचा वेळ वाढला. एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी ‘कांबळे’ची चिठ्ठी हातात धरून ‘कलेक्टर’च्या गठ्ठ्यावर थांबली. "दादा, माझाच हात थांबला," म्हणाली. नंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

हे लपवायचे कशाला? रेमा हाना आणि ली लिंडन यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. भारतातल्या शिक्षकांना तपासायला उत्तरपत्रिका दिल्या आणि त्यांवरची जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, मनाला येईल तशी बदलली. खालची म्हटलेली जात दिसली की गुण थोडे कमी पडत होते. कमी गुण देण्यात पुढे होते ते त्याच खालच्या म्हटलेल्या जातींतले शिक्षक. ब्राह्मणी व्यवस्था फक्त ब्राह्मणाच्या डोक्यात राहते असे समजणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा अभ्यास वाचावा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले की जात ही मनाची अवस्था आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. ही अवस्था मनात कुणी भरली, हे सांगताना त्यांनी थेट शास्त्रांच्या पावित्र्यावर बोट ठेवले आणि इलाज म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. बोटाचा वेग मोजून घरी जा, असे सांगितले नाही.

आमचे भांडण आहे ते चाचणीतून काढल्या जाणाऱ्या अर्थाशी. एकेका माणसाचे निदान करायला ती वापरू नये, असे खुद्द तिच्या कर्त्यांनीच म्हटले आहे. आज एक निकाल येतो, महिन्याने त्याच माणसाचा दुसरा येऊ शकतो. २०१९ साली पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. मनातला हा आकडा थोडाफार हलवता येतो, पण तो हलला म्हणून माणसाचे वागणे बदलते असे त्यांना दिसले नाही. तरी कंपन्यांना हा प्रकार फार आवडतो. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्टारबक्सच्या दुकानात मित्राची वाट पाहत बसलेल्या दोन काळ्या तरुणांना पोलीस बोलावून पकडून नेले. मग २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली सुमारे आठ हजार दुकाने दुपारभर बंद ठेवून नोकरांना पूर्वग्रहाचे प्रशिक्षण दिले. पोलिसांना फोन बोटाने नकळत लागला होता काय?

आता आपल्या कायद्याकडे या. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. कोर्टात आरोपीचा ठरलेला बचाव असतो, "फिर्यादीची जात मला माहीतच नव्हती." तो बचाव रोखण्यासाठी २०१५ च्या दुरुस्तीने कलम ८ मध्ये भर घातली, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे कोर्टाने गृहीत धरायचे. माहीत नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. म्हणजे कायदा म्हणतो, गावात राहतोस ना, मग तुला माहीत आहे. आणि प्रशिक्षणवाले म्हणतात, नाही हो, बिचाऱ्याच्या मेंदूत नकळत घडते. इतक्या वर्षांच्या लढाईने जे वाक्य आरोपीच्या तोंडून काढून घेतले, तेच हे लोक प्रमाणपत्रासह परत देत आहेत.

आम्ही मंगळवेढ्याचे, म्हणून आम्हाला हा शब्द जास्त झोंबतो. परंपरा सांगते की १३३८ साली इथे गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नाही, ती बांधायला मात्र महारच हवे, हे कुणाच्या नकळत ठरले होते? त्यांच्या अस्थी पंढरपुरात नेल्या, तर समाधी महाद्वाराच्या बाहेर. त्या देवळात आपल्याला आत घ्यायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बडव्यांना दार उघडे की बंद हे नीट कळत होते.

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. इथल्या शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा. दुष्काळात पंतांनी बादशाही कोठार लोकांसाठी खुले केले आणि धान्याचे पैसे चुकते करायला विठ्ठल महाराच्या रूपात बिदरला गेला. कीर्तनात या प्रसंगाला डोळे पुसतात. आम्ही लहानपणी हे ऐकून फुशारायचो, की देवाने आपले रूप घेतले. पण महाराचेच रूप का? कारण गावाचा वसूल आणि निरोप वाहून नेणे हे महाराचे ठरलेले काम. पैशांची थैली घेऊन आलेला महार बघून दरबारात कुणाचीही भुवई उंचावणार नव्हती. देवालासुद्धा वेष निवडताना ‘महार म्हणजे ओझे वाहणारा’ हीच जोडी उपयोगी पडली. पडदा आणि बटण नव्हते इतकेच. गोष्ट शेकडो वर्षे सांगून ती जोडी आपल्या डोक्यात पक्की केली गेली.

आणि शब्द बदलून ही जोडी तुटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय, आम्ही स्वागत केले. पण "कुठं राहता?" याला "भीमनगर" असे उत्तर दिल्यावर समोरच्याचा "अच्छा" तितक्याच वेळात येतो.

म्हणून डोक्यात काय आहे ते राहू द्या, हात काय करतो ते मोजा. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या, मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या सुखदेव थोरातांनी पॉल अटवेल यांच्याबरोबर हेच केले. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. सवर्ण हिंदू नावाला मुलाखतीची संधी १ धरली, तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३ निघाली. इथे कुणाच्या बोटाचा वेग मोजलेला नाही. लिफाफा उघडून बाजूला ठेवणारा हात मोजला आहे.

आमच्या अभ्यासवर्गाने आता एक वही घातली आहे. पुण्यात शिकायला जाणाऱ्या आपल्या पोरांना खोली शोधावी लागते. एकाच जाहिरातीला दोघांनी फोन करायचा, नोकरी तीच सांगायची, भाडे तेच कबूल करायचे, आडनाव वेगळे द्यायचे. पहिल्या पानावर एक नोंद अशी आहे: "कांबळे? मालकांना विचारून सांगते." अर्ध्या तासाने त्याच बाईंनी दुसऱ्या पोराला विचारले, "देशपांडे ना? कधी येता बघायला?" तारीख, भाग, भाडे, काय विचारले, काय उत्तर आले, एवढे रकाने आहेत. आपापल्या गावात अशी वही घाला. फोन नंबर वहीतच ठेवा, फेसबुकवर टाकू नका. पुरेशा नोंदी झाल्या की सगळ्या वह्या एकत्र बसून मांडू.

जयभीम.