मागच्या बांकावरील मूल आणि खोलीच्या भिंती

विद्यार्थिमित्रहो, निनादकालाचें सूत्र पाठ करावयाचें आणि परीक्षेनंतर विसरावयाचें, असा आपला परिपाठ आहे. परंतु मागच्या बांकावरील ज्या मुलास आम्ही शिक्षक ‘लक्ष नाहीं’ म्हणून बोल लावतों, त्याची खरी कैफियत या सूत्रांत आहे, असें माझें मत झालें आहे.

सिद्धेश्वर धरणाच्या कांठीं बोललेला शब्द उघड्यावर विरून जातो. तेथून जवळच असलेल्या औंढा नागनाथाच्या दगडी मंडपांत तोच शब्द पाषाणांवर आदळत रेंगाळतो. स्तवनास तें शोभतें. भूमितीच्या सिद्धांतास नव्हे. 1895 सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमे आणि पुढचे शब्द त्यांत बुडून जात. वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकानें शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं वाहून आणल्या. ऑर्गनचा सूर थांबल्यावर तो किती वेळ ऐकूं येतो, हें मोजलें. सूत्र त्या मोजणींतून निघालें.

उपपत्ति अवघड नाहीं. ध्वनि दोन आघातांमध्यें सरासरी ‘4 × घनफळ ÷ पृष्ठफळ’ इतकें अंतर कापतो. प्रत्येक आघातास भिंत त्याच्या शक्तीचा ठराविक अंश गिळते. तो अंश गुणिलें पृष्ठफळ म्हणजे शोषण. शक्ति दहा लाखावा हिस्सा उरेपर्यंतचा काळ तो निनादकाल. घातांकगणितानें येथें 13.8 हा आंकडा येतो. ध्वनीचा वेग सेकंदास 343 मीटर धरून 13.8 × 4 ÷ 343 म्हणजे 0.161. म्हणून निनादकाल = 0.161 × घनफळ ÷ शोषण.

आतां 20 मीटर लांब, 10 रुंद व 5 उंच सभागृह घ्या. घनफळ 1000, पृष्ठफळ 700. गिलावा व फरशी शेंकडा तीनच अंश गिळतात असें धरल्यास शोषण 21, निनादकाल सुमारें 7.7 सेकंद! दोनशें मुलें बसलीं, आणि प्रत्येकाचें शोषण 0.4 धरलें, तर तो 1.6 वर येतो. म्हणजे मुलें स्वतःच्या अंगानें खोली सुधारतात, तरी बोल त्यांनाच. शिवाय भाषणास एक सेकंदाच्या आसपासचा काळ हवा.

उघडी खिडकी आंतला ध्वनि परत पाठवीत नाहीं. तिला पैसाही पडत नाहीं. मागील भिंतीवर जाड पडदे किंवा गोधड्या टांगल्या तरी फरक पडेल. तेव्हां पालकांनो, इमारतनिधीस वर्गणी देतांना फरशी कोणती व रंग कोणता एवढेंच विचारूं नका; छताखालीं ध्वनि शोषणारें काय लावणार, हेंही विचारा.