पैसे आले, वर्षं कुठे आहेत?

नोकरी बदलली की ऑफिसातला कुणीतरी अनुभवी माणूस हमखास सांगतो, "पीएफ काढून टाक, ट्रान्सफरच्या भानगडीत पडू नकोस." मी पहिला राजीनामा दिला तेव्हा हा सल्ला मला कॅन्टीनमध्ये तिघांनी दिला. मोबाइलवर आर्थिक शहाणपण वाटणारी मंडळी नेमकं उलट बोलतात: पीएफ काढणारे उधळे, या पिढीला उद्याची पर्वा नाही, हप्त्यावर फोन घेतात वगैरे. माझं भांडण या दुसऱ्या मंडळींशी आहे. काढू नका हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. राग मात्र ते चुकीच्या माणसावर काढतात.

कारण मी शहाण्या मुलासारखं ट्रान्सफरच केलं होतं.

आधी पगाराची स्लिप उघडा. मूळ वेतनाच्या १२ टक्के आपले कापले जातात आणि तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के मात्र पीएफमध्ये पडत नाहीत, ते कर्मचारी पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएसमध्ये जातात. तेही १५,००० रुपयांपर्यंतच्याच वेतनावर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. (१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि सुरुवातीलाच त्याहून जास्त मूळ वेतन असलेल्यांना ही योजना लागू नाही. माझ्यासारखे फ्रेशर, ज्यांचं पहिलं बेसिक १२ हजार होतं, ते आत आले आणि आतच राहिले.)

हे १,२५० रुपये तुमच्या नावावर व्याज खात वाढत नाहीत, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. ते एका सामाईक हौदात जातात. तुमच्या नावावर जमतात ती वर्षं. पेन्शनपात्र वेतन गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, एवढंच सूत्र आहे. दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही. म्हणून नोकरी बदलताना दोन गोष्टी हलायला हव्यात, पीएफचे पैसे आणि पेन्शनची वर्षं. पैशांबद्दल सगळे बोलतात. वर्षं एका कागदावर बसून येतात, त्याचं नाव अ‍ॅनेक्शर के.

माझ्या पहिल्या कंपनीचा पीएफ तिच्या स्वतःच्या ट्रस्टकडे होता. तिथून भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे पैसे यायला दोन महिने लागले. पासबुक उघडलं तर पेन्शनच्या रकान्यात शून्य! घाम फुटला. मग समजलं की ते शून्य बरोबरच आहे. पेन्शनचा पैसा आधीपासून संघटनेकडेच असतो, तो हलत नाही. पण माझी साडेतीन वर्षंही कुठे दिसेनात. जुन्या कंपनीचा एचआर म्हणाला, ते काम व्हेंडरकडे आहे. व्हेंडर म्हणाला, कागद पाठवला. कार्यालय म्हणालं, मिळाला नाही. सात महिन्यांत चार तक्रारी केल्या आणि चारही "निकाली काढली" म्हणून बंद झाल्या. काय निकाल लागला ते कुणी सांगितलं नाही.

आम्ही डेटाबेसवाले लोक. प्रत्येक माणसाला यूएएन नावाचा एकच आयुष्यभराचा क्रमांक दिलाय, तो आधारला जोडलाय, आणि तरीही कुणी कुठे किती वर्षं काम केलं हे शोधायला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कागद पाठवावा लागतो. एखाद्या ज्युनियरने असं डिझाइन आणलं असतं तर रिव्ह्यूमध्येच परत पाठवलं असतं.

वर्षं गेली तर काय जातं, ते माझ्या मामांना विचारा. मामा इचलकरंजीकडचे. आयुष्याची पहिली वर्षं मागावर गेली, तिथे पीएफचं नावही नव्हतं. १९९६ मध्ये सूतगिरणीत कायम झाले, २००२ मध्ये गिरणी बंद पडली. सहा वर्षांचे पेन्शनचे पैसे त्यांनी काढून घेतले आणि म्हैस घेतली. काढायचे नसतील तर स्कीम सर्टिफिकेट मिळतं आणि ती सहा वर्षं पुढच्या नोकरीत जोडता येतात, हे त्यांना गेटवर कुणी सांगितलं नाही. पुढे दुसऱ्या कारखान्यात दहा वर्षं काम करून २०१३ मध्ये ते निवृत्त झाले. तेव्हा वेतनमर्यादा ६,५०० होती. गुणिले १०, भागिले ७०: महिना ९२८ रुपये. २०१४ मध्ये सरकारने किमान पेन्शन १,००० केली म्हणून आता हजार मिळतात. ती सहा वर्षं जोडलेली असती तर १,४८५ मिळाले असते. सत्तरीतल्या माणसाला दर महिन्याचे ४८५ रुपये म्हणजे बीपीच्या गोळ्या. मामा उधळे नव्हते. म्हैस चांगली दुभती होती.

आता ताजी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघटनेच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबायचं, आणि पीएफ पूर्ण काढायला १२ महिने. कारण दिलं ते असं की लोक घाईने पैसे काढतात आणि पेन्शनची पात्रता गमावतात. मामांकडे बघून मला हे कारण पटतं. पण काढायचं दार असं ओढून घेताना हलवायचं दार तरी सताड उघडा! जानेवारी २०२५ मध्ये बऱ्याच ट्रान्सफरसाठी कंपनीच्या मंजुरीची अट काढली, हे चांगलं झालं, नाकारत नाही. पण ट्रस्टमधून येणाऱ्याचा कागद ट्रस्टनेच धाडायचा, आणि तो नाही धाडला तर हेलपाटे कर्मचाऱ्याने घालायचे. दंड ट्रस्टला हवा. ठरावीक दिवसांत वर्षं पोचली नाहीत तर रोजच्या हिशोबाने.

"एवढं करून मिळणार किती?" असं मित्र विचारतो. रास्त प्रश्न आहे. १५,००० ची मर्यादा २०१४ पासून हललेली नाही. ३५ वर्षं राबलो तर साडेसात हजार, वीस वर्षं पूर्ण केल्याची दोन वर्षं वाढवून धरली तरी आठ हजारांच्या आत. मी म्हातारा होईन तेव्हा त्यात किराणाही येणार नाही. पण मर्यादा उद्या वाढली तरी गुणायचं वर्षांनीच आहे, आणि ज्याची वर्षं हरवली त्याला वाढीचाही उपयोग नाही.

पाचवी तक्रार गेल्या आठवड्यात टाकली. स्टेटस "प्रक्रियेत" दाखवतंय. परवा मामांचा फोन आला होता. पावसाचं, आईच्या गुडघ्याचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाले, "तुझी वर्षं आली का रं?"