उगवणीची हमी कोण देणार?

मृगाचा पाऊस झाला आणि वाफसा आला, की मराठवाड्या-विदर्भातल्या दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला पेरणीसाठी मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत टाकलेले सोयाबीन उगवले नाही, तर घराचे वर्षभराचे गणित तिथेच बिघडते. २०२०च्या खरिपात हे मोठ्या प्रमाणावर घडले. न उगवलेल्या बियाण्याच्या तक्रारी कृषी कार्यालयांत इतक्या आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरही तक्रारी थांबलेल्या नाहीत.

सोयाबीनचे बी मुळात नाजूक. साल पातळ आणि अंकुर सालीच्या अगदी लगत. काढणीला पाऊस लागला, मळणीयंत्र जास्त वेगाने फिरवले, गोदामात पोत्यांची उंच थप्पी लावली किंवा चढवता-उतरवताना पोते आपटले, तरी उगवणशक्ती घटते. विकत घेतलेल्या बियाण्याच्या बाबतीत हे सारे पिशवी शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वीच घडून गेलेले असते. किमान ७० टक्के उगवण हा सरकारी निकष आहे. तो पाळला गेला नाही, तर तोटा मात्र पेरणाऱ्याच्या माथी. ‘बी खोल पडले’, ‘पुरेशा पावसाआधीच पेरले’ ही विक्रेत्यांची ठरलेली उत्तरे. ती कधी कधी खरीही असतात. पण खरे-खोटे ठरवण्याचा मार्गच असा आखला आहे, की तिथे शेतकरी हरतोच.

तक्रार केली, की तालुक्याची समिती शेत पाहायला येणार. तोवर रान तसेच ठेवले, तर हंगाम हातचा जातो. मोडून दुबार पेरणी केली, तर पुरावा जातो. ज्याचे पोट त्याच शेतावर आहे, तो पंचनाम्याची वाट पाहत बसत नाही. उसनवारी करून पुन्हा पेरतो. म्हणून दाखल झालेल्या तक्रारी मोजून नुकसानीचा अंदाज बांधणाऱ्यांनी या मुकाट्याने झालेल्या दुबार पेरण्याही हिशेबात धरल्या पाहिजेत.

कायद्याचा धाक असावा, तर १९६६चा बियाणे कायदा पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड सांगतो. पुन्हा तोच गुन्हा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बियाण्याची एक पिशवीही एवढ्या पैशांत येत नाही. नव्या कायद्याचे विधेयक २००४मध्ये आले, २०१९मध्ये पुन्हा मसुदा निघाला. दंडाची रक्कम वाढवण्यावर चर्चा खूप झाली. पण दंड सरकारजमा होतो, त्याने शेतकऱ्याचे रान हिरवे होत नाही. त्याला हवी भरपाई, आणि तीही दुबार पेरणीच्या आत. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट केले. हा मोठा आधार आहे. तरी ग्राहक आयोगाच्या तारखांना खेटे घालणे पेरणीच्या दिवसांत कोणाला परवडते?

खताची तऱ्हाही वेगळी नाही. ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळायला हवी. प्रत्यक्षात टंचाईच्या दिवसांत तिच्यासोबत नको असलेले द्रवखत गळ्यात मारले जाते. ‘लिंकिंग’ हा शब्द आता गावोगाव ठाऊक आहे. कपाशीत निंदणीची मजुरी परवडेना, म्हणून तणनाशक सहन करणाऱ्या, पण परवानगी नसलेल्या ‘चोर बीटी’ बियाण्याची पाकिटे विनापावती घेतली जातात, आणि पावती नाही म्हणजे दादही नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव घेतला. निविष्ठांच्या या बाजारात जोखीम नेहमी सर्वांत दुबळ्याकडेच का सरकते?

सोयाबीनच्या उगवण चाचणीला आठ दिवस पुरतात. तरीही नमुने ऐन हंगामात काढले जातात आणि अहवाल येईपर्यंत बी मातीत गेलेले असते. हे वरातीमागून घोडे थांबवायचे, तर नमुने एप्रिलमध्येच गोदामांतून उचलले पाहिजेत. नापास लॉटचे क्रमांक मेअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कृषी सेवा केंद्राच्या दारावर लागले पाहिजेत. केंद्र सरकारच्या ‘साथी’ पोर्टलमुळे लॉटचा माग काढणे शक्य झाले आहे. ती माहिती शेतकऱ्याच्या मोबाइलवर सोप्या मराठीत दिसू द्या.

सोयाबीनचा दुसरा मार्ग घरच्या बियाण्याचा. हे पीक स्वपरागीत, त्यामुळे दरवर्षी नवी पिशवी घेण्याची गरज नाही. बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क २००१च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून मोड मोजणे कोणालाही जमते. मात्र कमी वेगाची मळणी, चाळणी-प्रतवारीची यंत्रे आणि कोरडी साठवण एकट्याला परवडत नाही. गावातल्या गटांना यासाठी पैसा द्यायला हवा.

पिशवीतल्या बियाण्याबाबत मात्र पुराव्याचे ओझे उलटे फिरवावे. एकाच लॉटच्या तक्रारी अनेक गावांतून आल्या, तर दोष बियाण्याचा नाही हे कंपनीने सिद्ध करावे. शेतकऱ्याने पावती, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवले असेल, तर मोबाइलवरचे शेताचे छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरावे. बदली बियाणे आणि पेरणीचा खर्च आठवड्याच्या आत मिळावा, वाद नंतर चालू द्यावा. यासाठी विक्री परवान्याच्या वेळीच कंपन्यांकडून अनामत घेण्याची तरतूद राज्याने येत्या खरिपाआधी करावी.