जमिनीखालचा गारवा कुणाचा?

गेल्या मे महिन्यात ‘उष्णता आणि स्त्रियांचे आरोग्य’ या विषयावरच्या एका चर्चासत्राला गेले होते. सभागृहात एसी इतका होता, की शेजारच्या कार्यकर्तीने पदर अंगाभोवती लपेटून घेतला होता. दुपारी हात धुवायला इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे बोळातल्या भिंतीवर एसीची बाहेरची यंत्रे ओळीने बसवलेली होती आणि त्यांच्या गरम झोतात बसून तीन बाया आमच्या जेवणाची भांडी घासत होत्या. मी म्हटले, “मावशी, इथे कशाला बसलात? केवढी झळ लागतेय.” त्यांच्यातली वयाने मोठी बाई हात न थांबवता म्हणाली, “नळ हितंच हाय ना ताई.”

आत आम्ही ज्यांच्याविषयी बोलत होतो त्या बाहेर होत्या. एवढेच नाही, तर आमच्या खोलीतली उष्णता त्यांच्या अंगावर टाकून आम्ही बोलत होतो. एसी उष्णता नाहीशी करत नाही. ती एका जागेवरून उचलतो आणि दुसरीकडे टाकतो, घरातला केर शेजारणीच्या दारात लोटावा तसा. वर त्यासाठी जाळलेल्या विजेची उष्णताही त्यात मिसळते. ज्या गल्लीत एसी नाहीत त्या गल्लीतल्या बायकांनी मग ती सोसायची.

त्याच चर्चासत्रात एका तरुण इंजिनिअरने ‘ग्राउंड सोर्स हीट पंप’ नावाच्या पद्धतीची माहिती दिली. तांत्रिक विषय म्हणून आमच्यातल्या बऱ्याचजणी चहाला उठल्या. मी बसून राहिले, आणि आता वाटते की हा विषय आपण इंजिनिअरांवर सोडून देता कामा नये.

तत्त्व साधे आहे. उन्हाळ्याचा ताप जमिनीत फार सावकाश उतरतो. तीन-चार मीटर खाली तो पोचेपर्यंत वर पावसाळा निम्मा सरलेला असतो. आणखी खाली, आठ-दहा मीटरवर, बारा महिने जवळजवळ एकच तापमान असते, आणि ते त्या ठिकाणच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतके असते. आपल्याकडे हे साधारण २५ ते २८ अंश. बाहेर ४३ अंश असताना खोलीतली उष्णता त्या तापलेल्या हवेत ढकलणे म्हणजे चढावर हातगाडी ढकलणे. तीच उष्णता २७ अंशांच्या जमिनीत सोडली तर चढ कमी, म्हणून वीज कमी. त्यासाठी बोअर घेऊन त्यात प्लॅस्टिकच्या नळ्या सोडतात. त्यांतून तेच तेच पाणी फिरत राहते, भूजल उपसले जात नाही. आणि बाहेरच्या बोळात गरम झोत येत नाही. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. इंजिनिअरने मात्र ती सांगितली नव्हती, ती मी विचारून घेतली.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. ती थंड देशांत वाढली. स्वीडनमध्ये लाखो घरांना हे पंप ऊब देतात. त्या देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढायची आणि उन्हाळ्यात परत ठेवायची, असा हिशेब जुळवता येतो. आपल्याकडे काढणे नाही, नुसते टाकणेच. वर्षानुवर्षे टाकत राहिलो तर बोअरभोवतीची जमीन तापत जाते आणि यंत्रणेचा फायदा घटतो. म्हणून बोअर जास्त लागतात, ते एकमेकांपासून लांब घ्यावे लागतात, आणि खर्च वाढतो. एका टनाच्या एसीइतक्या गारव्याला ढोबळ मानाने ६० ते १०० मीटर बोअर धरतात. काळ्या पाषाणात बोअर घेणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या बाईला सांगायला नको. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात उष्ण प्रदेशासाठी असे प्रयोग झाले आहेत, पण हे काही घरोघरी बसवण्याचे यंत्र नव्हे.

याहून साधा प्रकार म्हणजे जमिनीखालून नळ काढून त्यातून हवा खेळवणे. गुडगावजवळ ग्वाल पहाडी येथे टेरी या संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात चार मीटर खोलीवर असे बोगदे आहेत. कोरड्या हवेत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात, ही युक्ती चालण्यासारखी आहे. कोकणात आणि मुंबईत हवेतली ओल हा मोठा प्रश्न असल्याने तिथे नळात पाणी सुटते, बुरशी धरते.

आपल्या लोकांना हे ज्ञान नवे नाही. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेल्या बारामोटेच्या विहिरीच्या पोटात दगडी महाल आहे. भर उन्हाळ्यात तिथे उतरले की काहिली थांबते. पण त्या महालात कोण बसत असेल आणि वर उन्हात मोटा कोण हाकत असेल, हेही मनात येतेच. गारवा तेव्हाही वाटून मिळत नव्हता.

आणि जुन्या घरांचे गोडवे गाताना मला लातूर जिल्ह्यातल्या बचत गटातली एक आजी आठवते. दुपारी पत्र्याच्या समाजमंदिरात बैठक चालली होती. ती म्हणाली, “माळवदाच्या घरात दुपारचं निजायला येत हुतं. आता पत्र्याखाली भाकरी थापताना जीव जातो.” मी उत्साहाने म्हटले, “मग आजी, माळवदच बरं होतं की!” तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मग म्हणाली, “त्याच माळवदाखाली माझी लेक गेली.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला होता. त्या भागातल्या माणसांना गारवा आणि सुरक्षितता यांतली एकच गोष्ट निवडावी लागली. दोन्ही मिळायला हव्यात, असे म्हणणे ही चैन नाही.

उकाड्याचा त्रास सर्वांना होतो हे खरे, पण सारखा होत नाही. पुरुष रात्री पारावर, गच्चीवर, ओट्यावर झोपतो. बाईला दार लावून आत झोपावे लागते. दुपारी घरात सावली असेल तर तिथेच चूलही असते. शौचालय नाही किंवा दूर आहे, म्हणून ती पाणी कमी पिते. गरोदरपणात कडक उन्हाळा सोसावा लागला तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये देशातल्या सुमारे ८ टक्के घरांतच एसी असल्याचे म्हटले होते. उरलेल्यांत आपण ज्यांच्यात काम करतो त्या जवळजवळ सगळ्याजणी येतात.

मग जमिनीखालच्या गारव्यावर पहिला हक्क कुणाचा? बाजारावर सोडले तर उत्तर ठरलेले आहे: ज्याची जमीन त्याचा गारवा. बोअर घ्यायला पायाखाली मालकीची जमीन लागते, आणि जमिनीच्या बाबतीत बाई कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मांडली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वारसा कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. तरी सातबाऱ्यावर बाईचे नाव शोधावेच लागते. वस्तीतल्या बाईच्या झोपडीखालची जागा तर तिची नाहीच. जिच्या नावावर जमीन नाही तिला जमिनीखालचा गारवा कुठून मिळणार?

म्हणून माझे म्हणणे असे, की ही यंत्रणा बंगल्यांसाठी अनुदान मागत येईल त्याआधी आपण ती सार्वजनिक इमारतींसाठी मागावी. प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रसूती कक्ष, ग्रामीण रुग्णालय, मुलींचे वसतिगृह, नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह. या इमारतींना सरकारी जागा असते. शिवाय आणखी एक सोय आहे. बाळंतिणीला आणि वसतिगृहाला गरम पाणी लागतेच. खोलीतून काढलेल्या उष्णतेचा काही भाग पाणी तापवायला वापरता येतो. तेवढी उष्णता जमिनीत टाकावी लागत नाही, म्हणजे जमीनही लवकर तापत नाही आणि सरपणही वाचते. उष्ण प्रदेशातली या यंत्रणेची मोठी अडचण इथे बरीच हलकी होते.

कोणी म्हणेल, साध्या पत्र्याला पांढरा चुना नाही आणि तुम्ही बोअरच्या गोष्टी करता. आक्षेप रास्त आहे. छपराला पांढरा लेप, पत्र्याखाली बांबूचे किंवा गवताचे आच्छादन, झाडाची सावली, समोरासमोर खिडक्या, हे आधी झालेच पाहिजे. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णता कृती योजना आहे, तिच्यात पुढे छपरे पांढरी करण्याचे कामही आले. उन्हात तापणारी इमारत तशीच ठेवून खाली कितीही बोअर घेतले तरी ते भोकाच्या घड्यात पाणी भरणे होईल. पण गरिबांना चुना आणि श्रीमंतांना यंत्र, ही वाटणी मला मान्य नाही. ज्या खोलीत बाळंतपण होते तिथे दोन्ही हवे.

मैत्रिणींनो, पाण्याचा प्रश्न आपण हाती घेतला तेव्हा पंप आणि पाइप हा पुरुषांचा विषय मानला जात होता. हातपंप दुरुस्त करायला आपल्यातल्याच बाया शिकल्या. गारव्याचेही तसेच करावे लागेल. पुढच्या वेळी आपल्या भागात आरोग्य केंद्राची नवी इमारत मंजूर होईल तेव्हा नकाशा मागून घ्या, आणि विचारा: या इमारतीतली उष्णता कुठे जाणार? कुणाच्या अंगावर?

चर्चासत्राच्या दिवशी हा प्रश्न मी विचारला नाही. भांडी घासणाऱ्या त्या तिघींना सभागृहात येऊन बसा, असेही म्हटले नाही. जेवण झाले होते, दुसरे सत्र सुरू होत होते, मी आत गेले.