अकरा घरांचा पुढारी

रविवारची उपासना संपते, आशीर्वाद होतो आणि पाळकसाहेब सांगतात, पुरुष संघाच्या बांधवांनी पाच मिनिटे थांबावे. आपल्याकडच्या कितीतरी मराठी मंडळ्यांत वर्षाची निवडणूक अशीच होते. बायका-मुले दाराशी खोळंबलेली असतात, जेवणाची वेळ झालेली असते. कुणीतरी गेल्या वर्षीच्याच अध्यक्षाचे नाव सुचवतो, दुसरा बसल्या जागेवरून अनुमोदन देतो, टाळ्या पडतात. सेक्रेटरी म्हणून ज्याचे नाव पुकारले, तो मागे सतरंजीची घडी घालत असतो. त्याने काही बोलण्याआधीच प्रार्थना सुरू होते.

पाच मिनिटांत उरकण्याएवढे हे काम हलके नाही. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात कोण नेणार, मयत झाली तर कबरस्तानातली व्यवस्था कोण बघणार, दारूत बुडालेल्या बांधवाच्या दारी दर आठवड्याला कोण जाणार, हे त्या टाळ्यांत ठरत असते.

पहिल्या मंडळीने यासाठी वेळ दिला होता. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात मत्थियाची निवड चिठ्ठी टाकून झाली खरी, पण चिठ्ठीत नावे दोनच होती आणि दोघेही सुरुवातीपासून बरोबर राहिलेले, पारखलेले होते. सहाव्या अध्यायातली निवड त्याहून बोलकी आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती, की रोजच्या वाटपात आमच्या विधवा वगळल्या जातात. बारा प्रेषितांनी साऱ्यांना बोलावले आणि स्वतः एकही नाव न सुचवता, तुमच्यातलेच सात जण तुम्ही शोधा, असे सांगितले. ती नावे सावकाश वाचावीत: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक. नीकलाव तर जन्माने यहुदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाचा होता आणि यहुदी धर्मात नंतर आलेला. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटपाचा कारभार गेला, असे ही नावे सांगतात.

आपल्या पुरुष संघांत ही नावे कुठे असतात? एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन मंडळीत सामील झालेला माणूस वर्षानुवर्षे खुर्च्याच मांडत राहतो. अध्यक्षपद निवृत्त अधिकाऱ्याकडे किंवा जुन्या घराण्याकडे जाते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण त्या भाड्याच्या खोलीत काय चालले आहे, हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

१७४२ सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांची बैठक भरली होती. प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज डोक्यावर होते. कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवले, की फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणाले, आपल्यातल्या अनेक गरिबांना तेवढीही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा शेजारी वाटून घेतले. वर्गणीसाठी दारोदार जाताना कोण कसा जगतो, कुठे घर मोडायला आले आहे, हे दिसू लागले. वेस्लींना आपण शोधत होतो ती व्यवस्था सापडली, आणि वर्गणी गोळा करणारे त्या छोट्या गटांचे, म्हणजे ‘वर्गां’चे, पुढारी झाले. पुढे स्त्रियाही वर्ग चालवू लागल्या. १८७१च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हा त्यांनीही अशाच घरोघरच्या गटांतून काम उभे केले. मुंबईतल्या मेथडिस्ट मंडळीचा उगम त्यातला.

फॉयला आधी पद मिळाले नव्हते. त्याने आधी अकरा घरे घेतली. पुरुष संघाचा पुढारी असाच शोधावा, असे या स्तंभाचे ठाम मत आहे. वक्तृत्व, गाडी, ओळखीपाळखी यांची मोजदाद नंतर करता येईल. गेल्या बारा महिन्यांत हा माणूस कुणाच्या दारी गेला, एवढे आधी विचारावे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सेवकांची आधी पारख व्हावी, असे सांगितले आहे, आणि अध्यक्ष नवशिका नसावा, असेही.

भर सभेत नाव पुकारून होकार काढणे थांबायला हवे. दोन वडीलधाऱ्यांनी महिनाभर आधी त्या माणसाच्या घरी जावे, त्याच्या पत्नीच्या देखत बोलावे, कारण आठवड्यातल्या किती संध्याकाळी जाणार हे तिलाही कळले पाहिजे. नकार आला तर तो मनापासून स्वीकारावा. मुदतही आधीच ठरवावी.

पाळकसाहेबांना आणि पंचांना एक विनंती आहे. पुढच्या निवडणुकीची नोटीस लावाल तेव्हा तिच्याशेजारी मंडळीतल्या एकट्या, आजारी आणि बेरोजगार माणसांच्या घरांची संख्या लिहा आणि खाली अकरा-अकरा घरांच्या मोकळ्या ओळी आखा. आधी त्या ओळींत नावे येऊ द्या. अध्यक्षाचे नाव त्यांतूनच निवडा.